दाराचा वायफाय सेन्सर: चोर सापडला नाही तरी साडेतीन स्टार

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणारे, कारण सेन्सर का घेतला ते सांगितल्याशिवाय तो कसा आहे हे सांगण्यात काही अर्थ नाही. आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रोडला, तीन विंग, आणि दिवाळी ते होळी एवढ्यात चार घरफोड्या. चारही फ्लॅट बंद असताना, चारही वेळा सेफ्टी डोअरचा कोयंडा कटावणीने उचकटलेला आणि आतलं लॅच तर एका धक्क्यात गेलेलं. पोलीस आले, पंचनामा झाला, ठशांची काळी पावडर एकांच्या कपाटाला अजून आहे, श्वानपथकातलं कुत्रं पार्किंगपर्यंत गेलं आणि तिथेच घुटमळलं. पुढे काही नाही.

मग आमचे घरचे डिटेक्टिव्ह कामाला लागले. बी विंगचे काका रिटायर्ड, वेळच वेळ, त्यांनी पोलिसांच्या पोर्टलवरून एफआयआर काढून वहीत तक्ता आखला. तीन गुन्ह्यांना बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) कलम ३३१(३) म्हणजे दिवसाची घरफोडी, एकालाच ३३१(४) म्हणजे रात्रीची, शिवाय चारहींना ३०५ म्हणजे घरातली चोरी. आणि दिवसाच्या तिन्ही गुरुवारी! पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको, मेंटेनन्सच्या नावाखाली लाईट जाते, लाईट गेली की गेटवरच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, झोपतो. थिअरी इतकी फिट्ट बसली की चौथी चोरी शनिवारी रात्री झाली आणि तेव्हा लाईट होती हे सगळे सोयीस्कर विसरले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं वेगळं, चोर दाराला लटकलेली दुधाची पिशवी बघतो, दुपारपर्यंत तशीच असली की घर रिकामं. माझी थिअरी चपलांच्या स्टँडची होती. ती कोणी मनावर घेतली नाही. मनावर घेतलं ते पाण्याचे जार आणणाऱ्या मुलाला, कारण तो सगळ्या मजल्यांवर जातो. त्याला गेटवरूनच परत पाठवायला लागले, आणि नंतर कळलं की दोन चोऱ्यांच्या वेळी तो गावाला होता. त्याला सॉरी कोणी म्हटलं नाही, मीपण नाही.

या सगळ्यात रात्री जागून मी अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या नॉर्थ पाँडची केस वाचत बसले. तळ्याकाठी सुट्टीतली लाकडी घरं, आणि तिथे तब्बल २७ वर्षं चोऱ्या, एकूण हजाराच्या वर. जायचं काय तर बॅटरीचे सेल, गॅसच्या टाक्या, पुस्तकं, डबाबंद खाणं. लोकांनी काय काय डोकी लढवली, कॅमेरे लावले, एकजण रात्रीमागून रात्री अंधारात बंदूक घेऊन बसला, कोणीतरी तर दाराला चिठ्ठी लावली की बाबा रे फोडाफोडी नको, काय पाहिजे त्याची यादी लिहून ठेव (अगदी आमच्या काकूंना शोभेल असं). आणि हा पठ्ठ्या दुसऱ्याची होडी वापरून परत ठेवताना त्यावर पाइनची वाळलेली पानं पसरायचा, म्हणजे कोणी हात लावला नाही असं वाटावं. हिवाळ्यात बर्फात पाऊल उमटेल म्हणून मुक्काम सोडायचा नाही. ख्रिस्तोफर नाइट त्याचं नाव, १९८६ मध्ये विशीचा असताना जंगलात गेला तो एप्रिल २०१३ मध्ये सापडला. आणि सापडला कशाने? टेरी ह्यूजेस नावाच्या वन्यजीव खात्याच्या सार्जंटने तिथल्याच पाइन ट्री कॅम्प नावाच्या शिबिराच्या स्वयंपाकघरात सेन्सर लपवले होते, ते तिथे अजिबात वाजायचे नाहीत, वाजायचे थेट ह्यूजेसच्या घरी. मध्यरात्रीनंतर वाजले, तो निघाला, आणि चोर पिशवी भरून बाहेर येताना हातात.

मला तिथे क्लिक झालं. आमचा सीसीटीव्ही चोरी होऊन गेल्यावर टोपी घातलेला धूसर माणूस दाखवतो, चोरी चालू असताना कोणाला काही कळत नाही. म्हणून कॅमेरा न घेता हा दाराचा सेन्सर घेतला, १२९९ ला. कंपनीचं नाव लिहीत नाही, खाली तक्रारी आहेत.

वस्तू म्हणजे दोन छोट्या पट्ट्या, एकीत चुंबक, दुसरीत रीड स्विच आणि ट्रिपल ए चे दोन सेल. दार उघडलं की चुंबक लांब जातं, स्विच सुटतो, मोबाईलवर अलर्ट. सायरन आहे पण मी बंद ठेवला, नाइटच्या केसमुळेच. ॲपची जोडणी मात्र डोक्याला ताप, हा वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतो आणि आमच्या राउटरवर दोन्ही बँडला एकच नाव, तासभर नुसता लाल दिवा लुकलुकत होता, शेवटी भाच्याने नावं वेगळी करून दिली.

सगळ्यात मोठी चूक मी सेफ्टी डोअरवर लावायची केली. ते लोखंडी, चुंबकाचा जोर तिथे कमी पडतो, दार बंद असूनही ॲप म्हणतंय उघडं. आतल्या लाकडी दारावर लावल्यावर नीट चालला. पण पावसाळ्यात चौकट फुगली, दार पूर्ण बसेना, दोन पट्ट्यांतलं अंतर वाढलं आणि मी ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये असताना एका दुपारी अकरा अलर्ट. काकांना पळवलं, काका धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर, दार बंदच. सोबत आलेली डबल टेप तर पहिल्याच ओलीत सुटली, सुताराकडून बारीक स्क्रू मारून घेतले. कस्टमर केअरला तीन फोन, तिन्ही वेळा "ॲप अनइन्स्टॉल करून बघा मॅडम". एक स्टार इथे कापला, अर्धा टेपचा.

आणि हो, लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की सेन्सर मुका. म्हणजे काकांची थिअरी खरी असेल तर ज्या दिवशी पाहिजे नेमका त्याच दिवशी हा गप्प! बॉक्सवर याबद्दल एक अक्षर नाही. राउटरचा छोटा यूपीएस वेगळा घ्यावा लागला, तो खर्च धरूनच घ्या.

होळीनंतर आमच्याकडे घरफोडी झालेली नाही, पण त्याचं क्रेडिट सेन्सरला देणार नाही, चोराला तो दिसतसुद्धा नाही. तपास आहे तिथेच आहे. काकांनी मात्र आमची जादा किल्ली मागून घेतलीये आणि दर गुरुवारी लाईट गेली की न सांगता येऊन दार उघडतात, मग मला फोन. परवाची नोंद त्यांनी वहीचा फोटो काढून पाठवली: "११.०७ उघडले, ९ सेकंदांत अलर्ट, मालकीणबाईंनी फोन उचलायला ४ मिनिटे."