पोर्ट शोधायचा आहे: थेट 'प्रॉक' वाचावं की 'पीएसयूटिल' वापरावं?

टीममधल्या एकीला लिनक्सवर चालू असलेला प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर (नेटवर्कवरच्या क्रमांकावर) ऐकतोय, म्हणजे जोडणीची वाट बघतोय, हे कोडमधून काढायचं होतं. दोन वाटा होत्या: चालू प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारं लिनक्सचं 'प्रॉक' (/proc) फोल्डर थेट वाचणं, किंवा 'पीएसयूटिल' (psutil) ही पायथनची लायब्ररी वापरणं; आणि ती दोन दिवस अडून बसली होती.

मेहनत बघितली तर फरक मोठा आहे. 'प्रॉक'मध्ये आधी त्या प्रोसेसच्या 'एफडी' (fd, उघडलेल्या फाइली आणि जोडण्यांची यादी) फोल्डरमधल्या लिंका वाचायच्या, त्यांतले सॉकेटचे (नेटवर्क जोडणीच्या टोकांचे) आयनोड क्रमांक, म्हणजे ओळख क्रमांक, काढायचे आणि मग 'नेट/टीसीपी' फाइलमध्ये तेच क्रमांक शोधायचे. तिथे पोर्ट हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) असतो: १एफ९० म्हणजे ८०८०. स्थिती '०ए' असेल तरच तो ऐकणारा सॉकेट. आयपीव्ही६ साठी 'टीसीपी६' ही वेगळी फाइल. नवखे हमखास इथेच चुकतात. पायथनच्या 'पीएसयूटिल'मध्ये हेच काम दोन-चार ओळींत होतं, शिवाय विंडोज आणि मॅकवरही.

परवानगीचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. दुसऱ्या युजरची प्रोसेस तपासायला सहसा रूट (सर्वाधिकार असलेला युजर) लागतोच, लायब्ररी बदलून ते टळत नाही.

बाहेरच्या लायब्ररीवरचं अवलंबित्व मात्र 'प्रॉक'ला शून्य. छोट्या कंटेनर इमेजमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायच्या तयार पॅकेजमध्ये) पायथनच नसतं, तेव्हा याची किंमत कळते. कंटेनरचं नेटवर्क वेगळं असेल तर त्या प्रोसेसच्या पीआयडीखालचीच (प्रोसेस क्रमांकाच्या फोल्डरमधलीच) 'नेट/टीसीपी' फाइल वाचा, नाहीतर पोर्ट दिसणारच नाही.

पायथन आधीच असेल किंवा अनेक सिस्टिमवर चालवायचं असेल, तर डोळे झाकून 'पीएसयूटिल' घ्या. फक्त लिनक्स, सी किंवा गो, आणि बाहेरचं काही नको असेल, तर 'प्रॉक'.