अंजनी हवी असेल तर या रोपवाटिकेत जा

आंब्याच्या दाट सावलीत काय लावायचं हा प्रश्न पडला असेल, तर साताऱ्याकडच्या या देशी झाडांच्या रोपवाटिकेत जाऊन अंजनी मागा. महाबळेश्वरच्या रानात उंच झाडांखाली वाढणारं हे सदाहरित झाड. उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्यांना बिलगून निळ्याजांभळ्या फुलांचे गुच्छ येतात, तेव्हा नजर हटत नाही.

मालकांनी ओळखही हातात पान देऊन नीट पटवून दिली. पानं समोरासमोर, जाडसर, तुकतुकीत. मधली शीर ठसठशीत, बाजूच्या शिरा जवळपास दिसतच नाहीत. जांभळाचं पान चुरगळलं की वास येतो, याला तसा येत नाही. काही ठिकाणी अंजनी म्हणून भलतंच रोप गळ्यात मारतात, म्हणून हे पाहूनच घ्या.

रोपं निरोगी होती, पण काहींची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली. पिशव्या वेळेवर बदलायला हव्यात, एवढी एक तक्रार. लावताना ती मुळं हलक्या हातानं मोकळी करा, पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. वाढ फार सावकाश असते, त्यामुळे दोन पैसे जास्त गेले तरी वीतभर रोपापेक्षा हातभर उंचीचंच घ्या.