विकिपीडियाचे कंटेंट ट्रान्सलेशन : श्रेय देण्यात कितपत भरवशाचे?

इंग्रजी लेख मराठीत आणायला हे साधन उत्तम आहे. लेख प्रकाशित करताच संपादन सारांशात (प्रत्येक बदलासोबत नोंदल्या जाणाऱ्या छोट्या टिपेत) मूळ लेखाचे नाव आणि नेमक्या आवृत्तीचा दुवा आपोआप पडतो. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली आहे (जून २०२३पूर्वी ३.० होता), आणि मूळ लेखकांना श्रेय ही त्याची अट आहे. लेखाचा दुवा दिला की त्याच्या इतिहासातून, म्हणजे बदलांच्या नोंदीतून, सगळे लेखक सापडतात, म्हणून तेवढे पुरते.

खोट आहे ती साधनाबाहेरच्या कामात. कुणी भाषांतर वहीत करून थेट चिकटवले, किंवा 'पुणे' लेखातला परिच्छेद उचलून दुसऱ्या लेखात टाकला, तर श्रेय कुठेच उमटत नाही. तेव्हा सारांशात हाताने लिहावे: 'मजकूर [[पुणे]] येथून आणला, लेखक त्या पानाच्या इतिहासात पाहा.' विसरलात तर एखादी जागा वाढवण्यासारखे किरकोळ संपादन करून त्याच्या सारांशात तेच लिहा. आधीचा सारांश बदलता येत नाही. मूळ पान नंतर वगळले गेले तर दुवा निकामी होतो, म्हणून एक लेख दुसऱ्यात विलीन केल्यावर जुने पान पुसू नये, त्यावर नव्या पानाकडे नेणारे पुनर्निर्देशन ठेवावे.

बाहेरच्या संकेतस्थळावरचा मजकूर आणताना साधन काहीच मदत करत नाही. लेखक, स्रोत, परवाना लेखातच नोंदवावा लागतो. फक्त अव्यावसायिक वापराची मुभा देणारा मजकूर तर श्रेय देऊनही चालत नाही. नवख्यांना ही सूचना चिकटवतानाच दिसायला हवी होती.