जीटीओ की शेवेल एसएस: अस्सल गाडी ओळखणं कुठे सोपं?

१९७० ची पाँटिअ‍ॅक जीटीओ आणि त्याच वर्षाची शेवरले शेवेल एसएस, दोन्ही जनरल मोटर्सच्याच. पण तपासायला जीटीओ कितीतरी सोपी. १९६६ ते १९७१ पर्यंतच्या जीटीओचा चासी नंबर २४२ ने सुरू होतो. पाँटिअ‍ॅकच्याच साध्या लेमान्स मॉडेलला जीटीओचे बिल्ले लावले असतील, तर लबाडी तिथेच उघडी पडते. शिवाय पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्या गाडीच्या कारखान्यातल्या नोंदींची प्रत मागवता येते.

शेवेलचं दुखणं नेमकं इथेच आहे. १९७० मध्ये एसएस हा मालिबूवर, म्हणजे साध्या शेवेलवर, घ्यायचा ऑप्शन होता, त्यामुळे १३६३७ हे आकडे दोघींवरही सापडतात. मग बिल्ड शीट, म्हणजे गाडीवर काय काय बसवायचं हे लिहिलेला कारखान्यातला कागद, शोधायची. पेट्रोल टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला तो कळकट कागद म्हणजे सोनं. बारा बोल्टचा मागचा अ‍ॅक्सल हवाच, पण तो नंतरही बसवता येतो.

खरी फसवणूक इंजिनवर होते. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर छोटी सपाट जागा असते. तिथे इंजिन कोड आणि चासी नंबरचा भाग ठोकलेला असतो. भिंगातून कारखान्यातल्या यंत्राच्या, पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. जागा गुळगुळीत असेल, तर एकतर ब्लॉक मशीनवर घासलाय किंवा आकडे नव्याने ठोकलेत. ब्लॉकच्या ओतकामाची तारीखही गाडी बांधल्याच्या आधीची हवी.

४५० अश्वशक्तीच्या ४५४ एलएस६ इंजिनाच्या शेवेलचा भाव कागदाशिवाय देऊच नये. बिल्ड शीट नसेल, तर मालिबू समजूनच बोली लावावी.