रेझोनन्स कर्व्ह बसवायचा कशात? ग्राफ पेपर, एक्सेल, ग्नूप्लॉट की पायथॉन

भाचा खानापूरहून रोज रेल्वेने बेळगावला कॉलेजला येतो. बीएस्सीचं दुसरं वर्ष. मागच्या आठवड्यात संध्याकाळची गाडी चुकली म्हणून आमच्याकडे बेळगावातल्याच शहापुरात मुक्कामाला आला आणि जेवणाआधीच जर्नल पुढ्यात टाकून म्हणाला, "मामा, सिरीज एलसीआरची १८ रीडिंग आहेत बघा. ग्राफवर काढू, एक्सेलात घालू की पायथॉन शिकू? उद्या सबमिशन आहे की!"

सर्किट नेहमीचंच. १० मिलिहेन्रीची कॉइल (एल), ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (सी), १०० ओहमचा रेझिस्टर (आर), तिन्ही एका ओळीत जोडलेले; फ्रिक्वेन्सी बदलत करंट मोजायचा. सूत्राने रेझोनन्स, म्हणजे करंटचं शिखर, ५०३३ हर्ट्झला यायला हवा आणि क्यू, म्हणजे ते शिखर किती टोकदार याचं माप, ३.१६. शिखर जागेवर होतं, पण क्यू येत होता १.८६ च्या आसपास. गडी रीडिंग 'शिजवायच्या' बेतात होता.

ग्राफ पेपर. याला कमी लेखू नका. शिखर दिसतं, एखादं रीडिंग चुकलं असेल तर ते लगेच ओळीबाहेर उभं राहतं. शिखराच्या ०.७०७ पट उंचीवर आडवी रेघ मारली की दोन फ्रिक्वेन्सी मिळतात; आमच्याकडे त्या ३८६० आणि ६५६५ आल्या. इथे बहुतेक पोरं या दोन्हींचा सरळ मध्य काढून त्याला रेझोनन्स म्हणतात. तो मध्य ५२१२ येतो, म्हणजे जवळपास १८० हर्ट्झ चुकीचा. कर्व्ह दोन्ही बाजूंना सारखा उतरत नाही, म्हणून दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं; मग ५०३४ येतात. ग्राफची खरी अडचण वेगळीच. १८ रीडिंग घेतली तरी निकाल तीन-चारच ठरवतात, बाकीची नुसती शोभेला. आणि उत्तर किती भरवशाचं, हे पेन्सिलच्या टोकावर अवलंबून.

एक्सेल. ट्रेंडलाइनच्या वाटेला जाऊ नका. त्या यादीत रेझोनन्सचं सूत्र नाहीच. सहाव्या घाताची बहुपदी टाकली तर रेघ सुबक दिसते, पण तिच्यातून ना क्यू निघतो ना आणखी काही. खरं काम सॉल्व्हरचं (आकडे बदलत बदलत हवी ती किंमत गाठणारी एक्सेलमधली सोय), आणि तो अॅड-इन्समधून आधी चालू करावा लागतो. एका रकान्यात फ्रिक्वेन्सी, दुसऱ्यात रीडिंग, तिसऱ्यात सूत्राने येणारी किंमत, चौथ्यात दोघांच्या फरकाचा वर्ग. चौथ्याची बेरीज कमीत कमी कर, असं सॉल्व्हरला सांगायचं. करंट मिलिअँपिअरमध्ये भरा. अँपिअरमध्ये भरलात तर बेरीज इतकी इवलीशी होते की सॉल्व्हर जागचा हलायला तयार नसतो. काय चाललंय ते डोळ्यांसमोर दिसतं, हा एक्सेलचा मोठा गुण. उत्तराबरोबर त्याची त्रुटी (ते किती इकडेतिकडे असू शकतं) मिळत नाही, हा मोठा दोष. लिबरऑफिस फुकट आहे, पण तिथला सॉल्व्हर मुळात सरळरेषी गणितासाठी लावलेला असतो; पर्यायांत जाऊन दुसरा निवडावा लागतो.

साधन कुठलंही घ्या, भाच्याने केलेली चूक टाळा. त्याने पुस्तकातलं सूत्र जसंच्या तसं घातलं आणि व्होल्टेज, आर, एल, सी चारही मोकळे सोडले. आता बघा, व्होल्टेज, आर आणि एल दुप्पट केले आणि सी निम्मा केला, तर करंट जिथल्या तिथे. कर्व्हमध्ये तसूभर फरक नाही. मग संगणकाने नेमकी कुठली चौकडी निवडायची? एक्सेल काहीतरी आकडे देऊन मोकळा होतो आणि आपण ते जर्नलात उतरवतो. ग्नूप्लॉट (आलेख काढायचा फुकट प्रोग्रॅम) आणि पायथॉन निदान तक्रार तरी करतात.

या कर्व्हमधून मिळण्यासारख्या गोष्टी तीनच: शिखराचा करंट, रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी आणि क्यू. सूत्र त्या तिघांतच मांडा. फ्रिक्वेन्सी भागिले रेझोनन्स फ्रिक्वेन्सी, त्यातून तिचाच व्यस्त वजा, त्याला क्यूने गुणून वर्ग, त्यात एक मिळवा, वर्गमूळ घ्या आणि शिखराच्या करंटला त्याने भागा. सोर्सचा व्होल्टेज वेगळा मोजलेला असेल तर त्यावरून आर आणि मग एल, सी हाताने काढता येतात.

तसं केल्यावर आर निघाला १७० ओहम. रेझिस्टरचे १००, कॉइलच्या तारेचे २० आणि फंक्शन जनरेटरच्या आतले ५०. क्यूचं कोडं तिथेच सुटलं. रीडिंग बरोबर होती, हिशेबात आर कमी धरला होता.

ग्नूप्लॉट की पायथॉन? दोघांच्या पोटात फरकांच्या वर्गांची बेरीज कमी करत नेणारं गणित एकच, लेव्हनबर्ग आणि मार्क्वार्टचं, १९४४ आणि १९६३ सालातलं. ग्नूप्लॉट लहानसा आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतो, नेट लागत नाही. कर्व्ह बसवायचा 'फिट' हा हुकूम एका ओळीचा, आणि प्रत्येक उत्तरासोबत त्रुटी छापून येते. पायथॉनमध्ये सायपाय या गणिताच्या लायब्ररीतलं कर्व्हफिट वापरायचं. पुढे दहा सर्किटांचा डेटा एकदम हाताळायचा असेल तर त्याला तोड नाही. फोनवरून कोलॅबमध्ये (गूगलची ब्राउझरात पायथॉन चालवायची सोय) चालवता येतं खरं, पण नेट गेलं की हात बांधले.

सुरुवातीचा अंदाज मात्र तुम्हीच द्यायचा. काही दिलं नाही तर सायपाय प्रत्येक किंमत १ धरून निघतं. रेझोनन्स १ हर्ट्झला समजून ५००० वर पोचणं म्हणजे खानापूरच्याही पलीकडे लोंढ्याला उतरून बेळगाव शोधणं. हा अंदाज ग्राफ पेपरवरूनच मिळतो. कधी क्यू उणे १.८६ येतो, तेव्हा दचकू नका. सूत्रात त्याचा वर्ग आहे, चिन्ह सोडून द्या.

भाच्याला सांगितलं: आज रात्री ग्राफ आणि सॉल्व्हर, परीक्षेआधी ग्नूप्लॉट. एमएस्सीचा विचार असेल तर सुट्टीत पायथॉन. डिप्लोमाला असलेल्याला मी सॉल्व्हरच्या पुढे जायला सांगणार नाही.

एवढं झाल्यावर विचारलं, करंट कशाने मोजलास? म्हणाला, "रेझिस्टरवरचा व्होल्टेज की, ऑसिलोस्कोपवर." त्याला १०० ने भागलं की करंट. सुटलो. बहुतेक स्वस्त मल्टिमीटरांच्या एसी रेंजचा भरवसा चारएकशे हर्ट्झपर्यंतच असतो, आणि आपलं शिखर पाच हजारांवर. तो मीटर लावला असता तर अठराही रीडिंग पुन्हा घ्यावी लागली असती.