बाळंतिणीचं पोट बांधायला मेडिकलचा पट्टा की जुनी सुती साडी?

सिझेरियन झालं असेल तर पहिले काही दिवस पट्टाच बरा. उठताना, खोकताना टाक्यांना आधार मिळतो, आणि वेल्क्रो असल्याने तो एकटीला लावता-काढता येतो. (रात्री त्या खर्रर्र आवाजाने बाळ दचकतं, ते सोडा.)

पंचाईत होते ती पाजायला बसल्यावर. मांडी घातली की पट्ट्याची खालची कड वर गुंडाळते आणि नेमकी टाक्यांवर दोरीसारखी रुतते. नवं बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पितं. दर वेळी पट्टा खाली ओढायचा. त्याला कंटाळून बाया तो वर, बरगड्यांखाली आवळतात. तिथे आवळला की सगळा दाब खाली ओटीपोटावर जातो. मग शिंकताना लघवी निसटते, खाली जड वाटतं, आधीच अंग (गर्भाशय) सैल असेल तर ते बाहेर येण्याची भीती वाढते.

साडीत हे सहसा होत नाही, कारण कापड अंगाबरोबर वळतं. धुऊन मऊ झालेली सुती साडी उभी फाडून अर्धी करा आणि तीनेक मीटरचा तुकडा घ्या. दुहेरी घडी घातली की रुंदी वीत-सव्वा वीत भरते. उताणं झोपून गुडघे मोडायचे. पहिला वेढा खुब्याच्या हाडांवरून, सगळ्यात घट्ट. पुढचे वरवर, सैल होत जाणारे. टोक कुशीला खोचायचं, पोटावर गाठ किंवा पिन नको. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. असे दोन तुकडे ठेवून रोज धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. दमट कापड टाक्यांना वाईट.

मात्र साडी बांधायला दुसरे हात लागतात आणि दोन-तीन तासांत ती सैल पडते. घरात दिवसभर कुणी नसेल तर पट्ट्याशिवाय इलाज नाही. निदान माप कमरेचं न देता खुब्याचं द्या. माणूस असेल, तर आठवड्याभरानंतर डॉक्टरांना विचारून साडीवर यावं असं वाटतं. नॉर्मल बाळंतपणात पट्टा घेतलाच नाही तरी फारसं अडत नाही.

जेवताना आणि झोपताना दोन्ही काढायचं. पोट आत जाणं हे यातल्या कशाचंच काम नाही. गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत आपोआप आकसतं. त्यानंतरही उताणं झोपून डोकं उचलल्यावर बेंबीपाशी पोटाच्या स्नायूंमध्ये दोन बोटांहून जास्त फट लागली, तर बांधणं सोडून फिजिओथेरपिस्टला दाखवा.