हजाराच्या आतला ओबीडी स्कॅनर, जुनी टर्बो गाडी आणि सारखा लागणारा चेक इंजिनचा दिवा: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल, दोन दारांची, दहा वर्षांपुढची, सेकंडहँड. तक्रार एकच. चेक इंजिनचा दिवा कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेला बिघाडाचा क्रमांक) पुसला की विझतो आणि थोड्याच दिवसांत परत लागतो. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने स्कॅनचे पैसे घेतले, कोड पुसून टाकला, रिपोर्ट दिला नाही आणि ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगितलं. इतका महाग सेन्सर बदलायचा तर आधी त्याचं रीडिंग तरी दाखवायला हवं होतं. या रागातूनच हा ब्लूटूथ अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) पोर्टला लावून कोड आणि रीडिंग फोनवर दाखवणारा डबा, घेतला गेला. त्यामुळे कसोटीही एकच लावली आहे: नको त्या पार्टवर जाणारे पैसे हा वाचवतो का?

वाचवतो. मात्र नुसता कोड वाचून थांबलात तर नाही.

आधी अडॅप्टरबद्दल. डब्यावर ईएलएम ३२७ (आतल्या चिपचं नाव) आणि ‘व्हर्जन १.५’ असं छापलेलं असतं. मूळ कॅनेडियन कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नाही, म्हणजे ही नक्कल आहे हे धरूनच घ्यायचं. पेअरिंगचा पिन बहुतेक वेळा १२३४. अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर अ‍ॅप व्यवस्थित चालतं. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ चालणार नाही, वायफायवाला किंवा लो एनर्जी ब्लूटूथवाला अडॅप्टर बघून घ्या. पहिल्या आठवड्यात मत वाईट होतं, कारण स्क्रीनवर दहा-बारा मीटर लावले की आकडे अडखळत येतात. मग फक्त चार ठेवले: आरपीएम, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, लाँग टर्म फ्युएल ट्रिम आणि कूलंटचं तापमान. तेवढ्यावर हाच डबा उत्तम चालला.

हे परीक्षण लिहायचं खरं कारण म्हणजे अ‍ॅपमधलं कोड पुसायचं बटण. दिवा लागतो त्या क्षणी गाडीचा कॉम्प्युटर एक नोंद साठवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तेव्हा आरपीएम किती होते, इंजिनवर लोड किती, कूलंट किती गरम, वेग किती आणि बहुतेक गाड्यांत फ्युएल ट्रिम किती, हे सगळं तिच्यात असतं. कोड पुसला की ही नोंदही जाते आणि गाडीने केलेल्या स्वयंचाचण्या पुन्हा शून्यावर येतात. निदानाचा अर्धा पुरावा त्या एका बटणाने नष्ट होतो, आणि आपल्याकडे गाडी गॅरेजमध्ये शिरली की पहिलं काम हेच होतं. मेकॅनिक ओळखीचा असो वा कंपनीचा, स्कॅनर लावायच्या आधी स्पष्ट सांगा: फ्रीझ फ्रेमचा फोटो काढल्याशिवाय काही पुसायचं नाही.

आमच्याकडचा कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या रीडिंगवरून लागतो म्हणून सेन्सरवर संशय जातो. इथे सेन्सर फिर्यादी असतो, त्यालाच आरोपी करून बदलण्यात अर्थ नाही.

आता ट्रिम. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. शॉर्ट टर्म क्षणोक्षणी हलतो, लाँग टर्म सावकाश. दोन्हींची बेरीज करायची. अधिक-उणे पाचच्या आत असेल तर ठणठणीत, दहापर्यंत चालतं, आणि अधिक पंचवीसच्या आसपास गेलं की बहुतेक गाड्या दिवा लावतात. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एसी बंद करून, आधी आयडलिंगला बेरीज लिहून घ्या, मग २,५०० आरपीएमला अर्धा मिनिट धरून पुन्हा लिहा.

आयडलिंगला अधिक अठरा आणि २,५०० ला अधिक चार आले, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. गळती तेवढीच राहते, पण आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून त्यात गळतीचा वाटा मोठा दिसतो. उलट आयडलिंगला ठीक आणि लोड वाढला की आकडा चढत असेल, तर फ्युएल फिल्टर, पंप किंवा हवा मोजणारा मॅफ सेन्सर बघा. एक अट आहे: हे गणित मॅफ असलेल्या गाडीचं. नुसत्या मॅप सेन्सरवर (हवेऐवजी इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत अशीच गळती असली तर बऱ्याचदा ट्रिमऐवजी आयडलिंगच वाढलेलं दिसतं. टर्बोत आणखी एक गोष्ट: टर्बोच्या पुढच्या पाइपातून बूस्टखाली (टर्बोच्या दाबाखाली) हवा बाहेर पळत असेल, तर मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचत नाही, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि पिकअप मरतो. तो वेगळा रोग.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, याबद्दल मधल्या काळात मत बदललं. सोलापूर साखर कारखान्यांचा जिल्हा, त्यामुळे इथेनॉलवरची चर्चा इथे जोरात असते आणि दिवा लागला की खापर ई-२० वर फुटतं. हिशेब असा: शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे पाच टक्के इथेनॉल धरून बेतलेल्या जुन्या युरोपियन गाडीत ट्रिम पाच-सहा टक्क्यांनी वर सरकणारच. एवढ्याने पंचवीस गाठत नाही. पण पूर्वी जी बारीक गळती पचून जायची ती आता मर्यादेबाहेर जाते. म्हणून ई-२० वर आयडलिंग आणि २,५०० दोन्हीकडे अधिक सहा-सात दिसले, तर त्याच्यामागे लागू नका. दोन आकड्यांतला फरक बघा.

गळती शोधायचा क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवा. इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून बरंच जास्त. रबरी पाइप कडक होतात आणि क्लिपच्या कडेला, वळणाच्या पोटात चिरतात. वरून दिसत नाही, वाकवून बघावं लागतं. थंड इंजिन चालू करून, कॉइल आणि वायरिंग टाळून, पाइपांच्या जोडावर साध्या पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. कार्ब क्लीनर फवारायचा सल्ला सर्रास मिळतो, पण गरम एक्झॉस्टवर पडला तर आग लागू शकते.

मग पीसीव्ही, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह. टर्बो पेट्रोलमध्ये याचा रबरी पडदा फाटणं फार नेहमीचं. आयडलिंगला बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. ऑइल भरायचं झाकण उचलून बघा: निरोगी इंजिनात हलकी ओढ असते, पडदा फाटला असेल तर झाकण निघता निघत नाही, आणि निघालं की शिट्टी थांबते. हीच चाचणी आमच्या गाडीला लागू पडली. पीसीव्हीचा अख्खा भाग बदलला आणि ऑक्सिजन सेन्सरला हातही लावावा लागला नाही. सोबतचा छोटा पाइप मीटरवर मिळतो, पण ऑइलची वाफ सोसणाराच मागा. पाण्याचा साधा पाइप मऊ पडतो आणि ओढीने चपटा होतो.

एवढ्यावर सापडलं नाही तर स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर भरून तो कुठून बाहेर येतो ते बघणं. दाब एक पीएसआयच्या आत हवा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट जोडला तर चांगली सीलंही जातात.

मॅफ स्वच्छ करायला मॅफ क्लीनरच वापरा, तारेला हात लावू नका, वीस मिनिटं वाळू द्या. आधीच्या मालकाने तेल लावलेला कापडी एअर फिल्टर बसवला असेल तर ते तेल उडून मॅफवर बसतं. मॅफ स्वच्छ करण्याबरोबर फिल्टरही बदला, नाहीतर दिवा परत येईल. पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करायचा सल्ला अमेरिकन गाड्यांसाठी आहे. युरोपच्या नियमांत टाकीच्या गळतीची तपासणी सक्तीची नव्हती, त्यामुळे इथे तो उपाय बहुधा निष्फळ.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. गाडी मिसिंग मारतेय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. रेस सोडा, गाडी कडेला घ्या. पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग) आला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, तोच राहिला तर आधी प्लग बघा.

दुरुस्तीनंतर कोड पुसायची घाई नको. दोष गेला असेल तर सलग तीन निर्दोष ड्राइव्ह सायकलनंतर (गाडी चालू करून, चालवून, बंद करायची एक फेरी म्हणजे एक सायकल) दिवा आपोआप विझतो, आणि खात्री तीच. सकाळी थंड इंजिन, दोन-तीन मिनिटं आयडलिंग, मग पुणे महामार्गावर सावळेश्वर टोलनाक्याच्या दिशेने पंधरा मिनिटं ऐंशीच्या स्थिर वेगाने, मध्ये एक-दोनदा ब्रेक न लावता नुसती रेस सोडायची. सात रस्ता ते होटगी रोड अशा सिग्नलच्या फेऱ्यांत कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण होणं अवघड.

आता तारे. सुरुवातीला दोन दिले असते, ट्रिमचा उपयोग कळल्यावर चार, आज साडेतीन. अर्धा कापला तो वीज खाण्यापायी: पोर्टच्या १६ नंबर पिनला बॅटरीची वीज कायम असते, त्यामुळे हा अडॅप्टर गाडी बंद असतानाही चालू राहतो. क्वचित चालणाऱ्या गाडीत लावून ठेवू नका. उतरलेल्या बॅटरीमुळे नसलेले कोडही दिसायला लागतात. एबीएस आणि एअरबॅगचे कोड यातून सहसा वाचता येत नाहीत. त्यासाठी त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेल्या माणसाला एकदा पैसे देणं परवडतं.

जुनी गाडी बघायला जाताना हा खिशात असू द्या. सगळ्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बहुतेक गाड्यांत ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ आणि ‘दिवा लागल्यापासूनचं अंतर’ हे दोन आकडेही मिळतात. दिवा कालच लागला असं मालक सांगत असेल आणि दुसरा आकडा हजार किलोमीटर दाखवत असेल, तर त्या आकड्यावरच भाव बोला.